टीएची सात वर्षं पुरी व्हायच्या आत बाहेर पडायचं असेल तर रस्ता कोणता?

दूधगंगाकाठ

सगळ्यांना नमस्कार. मी प्रादेशिक सेनेत (टीए) शिपाई आहे. युनिटचं नाव आणि सध्या कुठं आहे ते लिहीत नाही, समजून घ्या. गाव कागल तालुक्यात. २०२० च्या सुरुवातीला भरती झालो, सात वर्षांचा करार, म्हणजे २०२७ उजाडेपर्यंत बांधलेला.

भरतीच्या आधी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसीवर ऑपरेटर होतो. टीए म्हणजे वर्षातनं महिना-दोन महिने वर्दी आणि बाकी वेळ आपला कामधंदा, असं ऐकून गेलो होतो. आमच्या बाबतीत उलटं झालं. सुरुवातीला काही काळ घरी बसवलं, आणि एकदा एम्बॉडी झालो, म्हणजे पूर्णवेळ ड्यूटीवर बोलावलं, तो अजून तसाच आहे. याबद्दल तक्रार नाही. पगार वेळेवर येतो, त्याच पगारावर घरावर स्लॅब पडला.

पण यंदा गणपतीनंतर आबांना अर्धांगवायूचा झटका आला. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात होते, आता घरी आणलंय. उजवी बाजू गेली, बोललेलं निम्मं कळतं. घरात आई, बायको आणि बारकं पोरगं. बहीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, तिला काढावं असं कुणालाच वाटत नाही. दीड एकर ऊस आणि दोन म्हशी. आईनं आबांना उठवून बसवायचं, का डेअरीला दूध घालायचं, का तोडीसाठी मुकादमाच्या मागं फिरायचं? त्यात चुलत्यानं बांध कोरायला सुरुवात केलीय. आबा हिंडते-फिरते होते तोवर त्याची हिंमत नव्हती.

मला करार मोडून घरी यायचंय. युनिटमधल्या आमच्या कंपनीत विचारलं तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. एक म्हणतो अर्ज दिला की महिन्यात सोडतात. दुसरा म्हणतो मे २०२५ ला टीएला बोलवायची अधिसूचना आल्यापासनं २०२८ पर्यंत कुणालाच सोडत नाहीत. माझ्या सीनियरनं तर अर्ज हातातसुद्धा घेतला नाही, "सध्या असला विषय काढू नको" एवढंच म्हणाला.

तर स्वतःच्या मागणीवर बाहेर पडता येतं का, पडलो तर पैशात काय बुडतं, आणि जुन्या कारखान्यावर माझा काही हक्क उरतो का, हे ज्यांनी केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनीच सांगा. "देशसेवा सोडू नको" असं सांगणारे चिक्कार भेटलेत.

रंकाळा_किंग

भावा, टीए हाय ती, रेग्युलर न्हाई. रजेवर ये आणि परत जाऊच नको. दोन-चार पत्रं येतील, मग नाव कमी करून मोकळे होतील. आमच्या गल्लीतल्या एकानं असंच केलंय. एवढा विचार करायला तू काय ब्रिगेडियर हाईस?

आयटीआय_फिटर

माझ्या माहितीप्रमाणे मध्येच सोडलं तर सेवा निधीतला सरकारचा हिस्सा मिळत नाही, फक्त आपण भरलेले पैसे व्याजासकट मिळतात. म्हणजे जवळजवळ निम्मे गेले. चार वर्षं काढ आणि मग नीघ की.

टाकळीचा_बाबू

मी सैनिक टाकळीचा, पेन्शनर. आयुष्य इन्फंट्रीत क्लार्क म्हणून गेलं आणि शेवटची पोस्टिंग एका टीए बटालियनच्या ऑफिसात होती. एम्बॉडी, डिसएम्बॉडी (ड्यूटीवरनं घरी पाठवणं), डिस्चार्ज या सगळ्यांच्या पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीचे हुकूम) माझ्या टेबलावरनं जायच्या. म्हणून लांबलचक लिहितोय, सावकाश वाच.

आधी वरच्या दोघांचं. फिटरभाऊ, तुम्ही सांगताय ते अग्निवीरांचं. २०२२ ची अग्निपथ योजना, चार वर्षांची मुदत, १०.०४ लाखांचा सेवा निधी, आणि स्वतःहून मध्येच निघाला तर सरकारी हिस्सा नाही, हे सगळं बरोबर आहे. पण या पोराचा त्याच्याशी संबंध नाही. टीएचा कायदा वेगळा, १९४८ चा, आणि त्यात सेवा निधी नावाचा प्रकारच नाही.

रंकाळा किंग, तुमचा सल्ला पोराला तुरुंगात घालणारा आहे. टीएचा जवान एम्बॉडी असतो तोवर त्याला आर्मी अ‍ॅक्ट १९५० रेग्युलर शिपायासारखाच लागू असतो. रजा संपून हजर झाला नाही तर कलम ३९, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीस दिवस झाले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. पळाला असं धरलं तर त्याला पकडण्याचा कागद त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे जातो. तिथनं तो कागल ठाण्यात येणार, ठाण्यातनं हवालदार मोटारसायकलवर घरी येणार, आणि अंथरुणावरचे आबा ते बघणार. तुमच्या गल्लीतला तो माणूस बहुतेक डिसएम्बॉडी असताना घरी बसला असणार. त्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि पोरा, तुझा सगळा प्रश्न याच फरकावर उभा आहे. टीए कायद्याचं कलम ८ वाच, चार-पाच ओळींचंच आहे. त्यात म्हटलंय की मुदत संपली की डिस्चार्ज हा जवानाचा हक्क. मुदतीच्या आधीही डिस्चार्ज देता येतो, पण तो नियमांनी ठरवलेल्या अधिकाऱ्यानं, ठरवलेल्या अटींवर द्यायचा. आणि खाली एक परंतुक आहे, ते लोक वाचतच नाहीत: जो त्या वेळी लष्करी सेवेवर आहे, त्याला ती सेवा संपेपर्यंत डिस्चार्ज हक्कानं मागता येत नाही. म्हणजे एम्बॉडी असताना मुदत उलटली तरीसुद्धा हक्क चालत नाही, विनंती चालते.

हे वाचून घाबरू नको. विनंत्या मंजूर होताना मी पाहिल्यात. रेग्युलर फौजेत आर्मी रूल १३ प्रमाणे स्वतःच्या मागणीवरचा डिस्चार्ज सीओच्या (कमांडिंग ऑफिसरच्या) हातात असतो आणि सीओनं दोन गोष्टी बघायच्या असतात. मागणी रास्त आहे का, आणि हा गेल्यानं युनिटची नफरी (माणसांची संख्या) फार घटत तर नाही ना. टीएतही सीओ साहेब त्याच नजरेनं बघतात. तुझी मागणी रास्त आहे. अडचण दुसऱ्या गोष्टीची आहे.

६ मे २०२५ ची ती अधिसूचना म्हणजे टीए नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना दिलेला बोलावण्याचा अधिकार. ३२ इन्फंट्री बटालियनांपैकी १४ एम्बॉडी करण्याची मुभा, १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. ती बटालियनांबद्दल आहे. एकेका शिपायाचा डिस्चार्ज २०२८ पर्यंत बंद, असं तिच्यात कुठं लिहिलेलं नाही. पण युनिट ड्यूटीवर असेल तर माणूस सोडायला साहेबांचा हात आखडतो, हे मात्र खरं.

म्हणून माझं म्हणणं ऐक. पहिली मागणी डिस्चार्जची करू नको, डिसएम्बॉडीमेंटची कर. नफरी जास्त झाली की काही जवानांना घरी पाठवावं लागतं, आणि त्या यादीत आपलं नाव येऊ नये म्हणून लोक काय काय करतात ते मी पाहिलंय. पगार थांबतो ना! घरी बसायला कुणी राजी नसतं. तू स्वतः लेखी म्हणालास की पुढच्या यादीत माझं नाव घाला, तर तुझ्यामुळं दुसऱ्या कुणाचा तरी पगार चालू राहतो. साहेबाला हो म्हणायला सोपं काम आहे. घरी आलास की आबांकडं बघ, ऊस घालव, बांधाचं बघ. तिथनं पुढं नावच कमी करायचं असेल तर तेव्हाचा अर्ज वेगळ्या पायावर असतो, कारण कलम ८ च्या परंतुकात तू तेव्हा अडकलेला नसतोस. तोवर ट्रेनिंगचं किंवा एम्बॉडीमेंटचं बोलावणं आलं तर जायचंच, ते टाळायचं नाही. आणि २०२७ ला मुदत संपली की पुढं वाढवून घ्यायला संमती देऊ नको, विषय संपला.

यात तोटा एकच, घरी असताना पगार नाही. पण डिस्चार्ज घेतल्यावर तरी कुठं आहे?

आता पैशाचं. ग्रॅच्युइटीला किमान ५ वर्षांची एम्बॉडी सेवा लागते, जवानाला पेन्शनला १५ वर्षांची. यात "एम्बॉडी" हा शब्द लोक गिळतात. तू २०२० ला लागलास म्हणून पाच झाली असं समजू नको. घरी बसवलेला काळ त्यात धरत नाहीत. सेवा तुकड्या-तुकड्यात झाली तरी तुकड्यांची बेरीज होते, मधल्या खंडानं आधीची सेवा वाया जात नाही, पण खंडाचा काळ मोजणीत येत नाही. हेडक्लार्ककडं जा, स्वतःच्या पार्ट टू ऑर्डर बघून तारखा वहीत उतरवून घे आणि बेरीज कर. पाचाला चार महिने कमी असताना राजीखुशीनं डिस्चार्ज घेऊन गेलेला माणूस मी बघितलाय. नंतर बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात खेटे घालत होता, आणि तिथला बाबू बिचारा काय करणार?

माजी सैनिकाचा दर्जा, नोकरीतलं आरक्षण वगैरेचं स्वप्न असेल तर तेही आत्ताच सोड. टीएवाल्यांत तो दर्जा एम्बॉडी सेवेची पेन्शन असलेल्याला, सेवेमुळं अपंगत्व आलेल्याला किंवा शौर्यपदक मिळवलेल्याला मिळतो. सात वर्षं पुरी केलीस तरी तो तुला नव्हता, त्यामुळं आधी निघाल्यानं बुडायचाही प्रश्न नाही.

अर्जाचं. रडगाणं लिहू नको. आमच्याकडं चार-चार पानी अर्ज यायचे, त्यात पहिली दोन पानं आईच्या अश्रूंवर. साहेब शेवटची ओळ बघतो आणि जोडलेले कागद बघतो. एक पान पुरे. वडिलांना काय झालं, कधी, घरात कर्ता पुरुष दुसरा कुणी नाही, अमुक पाहिजे. सोबत सीपीआरचं डिस्चार्ज कार्ड, अपंगत्व किती त्याचं सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र, रेशन कार्डाची प्रत, ७/१२, आणि तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला की घर सांभाळणारं दुसरं कुणी नाही. युनिट बहुधा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडनं पडताळणी करून घेतं, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेव. नाहीतर चौकशीला माणूस यायचा आणि चुलता दारात उभा राहून "आम्ही आहोत की बघायला" म्हणायचा. हसू नको, हे घडतं.

सीनियरनं अर्ज घेतला नाही तर सीएचएमला (कंपनी हवालदार मेजरला) सांगून कंपनी कमांडरचा इंटरव्ह्यू माग. तिथं नाही झालं तर सुभेदार मेजर साहेबांच्या कानावर घालून सीओचा इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यू मागायला कुणी अडवत नाही, फक्त पायरी सोडू नको. मंत्र्याला पत्र, आमदाराचा फोन, मोबाइलवर व्हिडिओ, यातलं काही केलंस तर चांगला चाललेला अर्जसुद्धा फायलीत झोपतो.

बांधाचं काम त्याहून सोपं. सीओच्या सहीचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना जातं की जवान सेवेवर आहे, घरच्या जमिनीवर अतिक्रमण चाललंय, लक्ष घालावं. त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. हे पत्र उद्या सुद्धा मागू शकतोस, त्याला डिस्चार्जशी काही देणंघेणं नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडनं मोजणीची तारीख लागली की चुलता निम्मा गार पडंल.

इचलकरंजीची_वहिनी

बाबू काकांनी कारखान्याच्या हक्काचं सोडलं म्हणून मी लिहिते. आमचे हे टीएत आहेत, घरी असतात तेव्हा एका प्रोसेसिंग युनिटमध्ये फोल्डिंग खात्यात. मागच्या खेपेला डिसएम्बॉडी होऊन आले तर मालक म्हणाला, तुमची जागा भरली, दिवाळीनंतर बघू. नाव घेत नाही, अजून तिथंच आहेत.

टीए कायद्यात कलम ७अ आहे. सैन्यानं बोलावलं म्हणून कामगार गेला असेल, तर सेवा संपल्यावर त्याला कामावर परत घेणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि आधीपेक्षा वाईट अटींवर घ्यायचं नाही. मालकानं नकार दिला तर त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं प्रकरण जातं. तो मालकाला सूट देऊ शकतो, परत घ्यायला लावू शकतो किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई द्यायला लावू शकतो. पीएफचे हक्क मोडत नाहीत, त्याचंही कलम पुढंच आहे.

आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही. मी कलमाची झेरॉक्स, ह्यांचं डिसएम्बॉडीमेंटचं पत्र आणि शेवटची पगाराची चिठ्ठी घेऊन ऑफिसात गेले. मालकाचा मुलगा शिकलेला आहे, त्यानं वाचलं, दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला घेतलं. रात्रपाळी काही आधी नव्हती, पण आम्ही ताणलं नाही. हप्ते होते.

दादा, तुम्हाला दोन गोष्टी विचारते. तुम्ही भरतीला गेलात तेव्हा राजीनामा लिहून दिला होता का? दिला असेल तर हे कलम घेऊन भांडता येणार नाही, कारण तुम्ही स्वतःच नोकरी सोडली असा अर्थ होतो. आणि तुम्ही कंपनीच्या हजेरीवर होता का ठेकेदाराच्या? गोकुळ शिरगाव, शिरोलीला निम्मी पोरं ठेकेदाराच्या नावावर असतात. मग मालक कोण, इथंच वर्ष जातं.

आणि एक सांगू का, बायकोला विचारलंत का? तुम्ही पगार सोडून घरी येणार, तर तिचं म्हणणं काय आहे ते या सगळ्या मजकुरात कुठंच आलं नाही.

बिंदू_चौक_वकील

वरचं बहुतेक बरोबर आहे, दोन-तीन गोष्टी जोडतो.

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यावर माझ्याकडं रोज कुणीतरी येतो की आता सगळं इथंच होईल ना. तुमचं तिथं आधी नेऊ नका. सेवेच्या तक्रारींसाठी २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आपल्याला त्याचं मुंबईचं खंडपीठ. त्याच्याही आधी आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली वरिष्ठांकडं लेखी तक्रारीची पायरी असते. न्यायाधिकरण सर्वसाधारणपणे हेच आधी विचारतं. अर्ज लेखी दिलाच नसेल तर नाकारला काय आणि कुणी, हेच दाखवता येत नाही. म्हणून बाबू काका म्हणतात तसा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्जाची प्रत, कुणाकडं कोणत्या तारखेला दिला ते वहीत.

दुसरं, ड्यूटीवर तुम्हाला काही इजा झाली असेल, गुडघा, पाठ, कान, काहीही, आणि मेडिकल कॅटेगरी खाली आली असेल, तर मेडिकल बोर्ड होण्याआधी स्वतःच्या मागणीवर निघू नका. अपंगत्व सेवेमुळं आलं की नाही हे बोर्डाच्या कागदावर ठरतं. टीएच्या जवानाला अपंगत्वाची पेन्शन लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयानं पाणी राम यांच्या खटल्यात डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. त्यांना सरकार म्हणत होतं की टीएच्या पर्यावरण बटालियनमध्ये ही पेन्शन नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. पण त्यांच्याकडं बोर्डाचा कागद होता.

तिसरं, चुलत्यानं दिवाणी दावाच लावला तर इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट, १९२५ आठवणीत ठेवा. खास परिस्थितीत सेवेवर असलेल्या जवानाविरुद्धचं काम त्याच्या माघारी पुढं रेटू नये, यासाठी तो कायदा आहे. कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र कोर्टात द्यावं लागतं. कागलच्या कोर्टात समोरच्या वकिलालाही हा कायदा ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून प्रत बरोबर ठेवा.

रंकाळा_किंग

बरं बाबा, माझी पोस्ट वाचून कुणी पळू नका. मी आपलं ऐकलेलं सांगितलं.

दूधगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. बाबू तात्या, तुमचं पोस्ट कंपनीत तिघांना वाचून दाखवलं. दोघांनी लगेच हेडक्लार्ककडं धाव घेतली.

माझी बेरीज झाली. मला वाटत होतं पाच कधीच पुरी झालीत, तर अजून काही महिने कमी आहेत. सुरुवातीला घरी होतो तो काळ गेला. म्हणजे आता डिस्चार्जचा अर्ज दिला असता तर ग्रॅच्युइटी तिथंच गेली असती. आता डिसएम्बॉडी होऊन घरी गेलो आणि पुन्हा बोलावलं, तर हे उरलेले महिने तेव्हा जोडले जातील ना?

वहिनी, राजीनामा दिला होता. तेव्हा सुपरवायझर म्हणाला लिहून दे, नाहीतर फंड अडकेल, मी दिला. त्यामुळं कारखान्याचा विषय माझ्यापुरता मिटला. तरी जुन्या फोरमनला फोन केला, तो म्हणाला ऑपरेटर मिळत नाहीत, कधीही ये. हक्क नसला तरी काम आहे. आणि बायकोला विचारलं. ती म्हणाली पगार बंद झाला तर तीन म्हशी आणखी घेऊया, पण तुम्ही धार काढायला पाहिजे. मला धार काढता येत नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे.

आणि वकील साहेब, मला इजा वगैरे काही नाही. पण आमच्यातल्या एकाचा गुडघा गेलाय आणि तो घरी जायच्या घाईत आहे, त्याला तुमचा मजकूर पाठवला.

टाकळीचा_बाबू

हो, जोडले जातात. डिसएम्बॉडी होतानाची पार्ट टू ऑर्डर निघाली का ते बघूनच युनिट सोड, आणि तिचा नंबर-तारीख लिहून घे. परत बोलावल्यावर हजर झालेल्या दिवसाचीही निघते, तिचाही घे. पुढं कधी वाद झालाच तर रेकॉर्डवाला हेच दोन नंबर विचारतो.

आता अर्ज डिसएम्बॉडीमेंटचाच कर. कारणात आबांचं आजारपण तेवढंच टाक, ऊस आणि म्हशी नको. साहेब शहरातला असला तर त्याला वाटतं पोरगं ऊसतोडीसाठी निघालंय. बांधाच्या पत्राचा अर्ज वेगळ्या कागदावर, दोन्ही एकत्र केलेस तर दोन्ही एकाच ठिकाणी अडकतात.

मसुदा तयार झाला की नंबर, नाव, युनिट खोडून मला खाजगीत पाठव. इथं सगळ्यांसमोर टाकू नको. आणि वर तुझ्या प्रोफाइलला जो फोटो आहे त्यात मागं युनिटचा बोर्ड दिसतोय, तो आधी काढ.

दूधगंगाकाठ

काढला. मसुदा रात्री पाठवतो, तात्या. सुभेदार मेजर साहेबांना आज भेटलो, सोमवारी इंटरव्ह्यू लावतो म्हणाले.